चिनी भाषांतरांची साक्ष : पुण्यातील चिनी अध्ययनाचे परीक्षण

१

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांस चिनी ग्रंथांचे ऋण नवे नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संग ह्या यात्रेकरूने ‘मो-हो-ला-च’ देशाचे वर्णन लिहून ठेवले नसते, तर दुसऱ्या पुलकेशीच्या काळची प्रजा उपकारकर्त्याशी कशी वागे व अपमानाचा सूड कसा घेई, हे केवळ ऐहोळेच्या प्रशस्तीवरून आपणांस कळले नसते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दक्षिणेचा प्राचीन इतिहास १८८४ साली प्रसिद्ध केला, तेव्हा ह्या वर्णनाचा उपयोग त्यांनी केलाच. परंतु तो उपयोग परभाषेच्या द्वारा होता. ज्यूलियँ यांचे फ्रेंच भाषांतर १८५७-५८ साली झाले व बील यांचे इंग्रजी भाषांतर १८८४ साली आले. ह्या भाषांतरांवर विसंबून आपली पंडितमंडळी वाद करीत राहिली. यात्रेकरूने राजधानीचे नाव दिले नाही. तिच्या पश्चिमेस मोठी नदी आहे, एवढेच लिहिले. मग ती राजधानी बदामी की नाशिक, हा प्रश्न उत्पन्न झाला. आपल्याच देशाच्या राजधानीविषयीचा वाद ज्या लेखावर उभा, त्या लेखाचे एक अक्षरही वादी-प्रतिवाद्यांपैकी कोणास वाचता येत नव्हते, ही अवस्था संशोधकास भूषणावह खास नव्हे.

ही उणीव पुण्यात काही अंशी भरून निघाली; पण ती इतिहासाच्या वाटेने नव्हे, पालीच्या वाटेने. ज्या फर्ग्युसन महाविद्यालयाचा आरंभ १८८५ साली शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात झाला, त्याच महाविद्यालयात १९१२ ते १९१८ पर्यंत धर्मानंद कोसंबी यांनी पाली शिकविली, व त्यांच्या शिष्यांतून पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पुढे आले. त्याच महाविद्यालयात वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी चिनी व तिबेटी साधनांवरून बौद्ध दर्शनाचा अभ्यास चालविला. ह्या दोन अध्यापकांच्या ग्रंथांचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. चरित्रकथन हा आमचा हेतू नाही. जुनी पोथी पदरी असलेल्या प्रत्येकाला पडणारा एक प्रश्न त्यांच्या कामातून उपस्थित होतो, आणि तोच आमचा विषय आहे : मूळ ग्रंथ हरवला व भाषांतर उरले, तर त्या भाषांतराची साक्ष कितपत घ्यावी व कशी घ्यावी?

२

प्रथम बापटांचा १९३७ सालचा ग्रंथ घेऊ. ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ ह्यांची तुलना हा त्याचा विषय. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ प्रसिद्धच आहे. त्यात चरितांचे म्हणजे मनुष्यस्वभावांचे विवेचन करताना बुद्धघोष म्हणतो की, पहिली तीन चरिते पूर्वाभ्यासामुळे व धातु-दोषांमुळे उत्पन्न होतात असे ‘एके’ म्हणतात. आणि ते मत तो निश्चित म्हणून स्वीकारीत नाही. हे ‘एके’ कोण? टीकाकार धम्मपाल सांगतो की, येथे उपतिस्स थेर अभिप्रेत असून त्याने ‘विमुत्तिमग्गा’त तसे लिहिले आहे. टीकेत नाव आहे, पण ग्रंथ हाती नाही, हा अनुभव आपल्या वाचकांस चांगलाच परिचित आहे. हा ग्रंथ सापडला तो चिनी त्रिपिटकात. फूनान म्हणजे हल्लीच्या कंबोडियाकडील प्रदेशातून आलेल्या संघपाल नामक भिक्षूने सहाव्या शतकाच्या आरंभी, लिआंग राजवटीत, त्याचे बारा भागांत चिनी भाषांतर केले होते. त्यात धातु-दोषांचे ते मत आहे, आणि स्वभावांची चौदा प्रकारची वाटणीही आहे.

बापटांनी दोन्ही ग्रंथांचे प्रकरणवार संक्षेप समोरासमोर मांडून साम्य व भेद दाखविले. मिद्ध म्हणजे झोपेची जडता. ती शरीराचा धर्म आहे की केवळ मनाचा, ह्याविषयी धम्मपाल जे मत अभयगिरि-विहाराच्या भिक्षूंचे म्हणून सांगतो, ते ह्या चिनी ग्रंथात आढळते. त्यावरून सिंहलातील महाविहार व अभयगिरि ह्या दोन प्रतिस्पर्धी परंपरांपैकी दुसरीशी ह्या ग्रंथाचा संबंध बापटांनी जोडला. ह्या अनुमानाच्या व्याप्तीविषयी पंडितांत मतभेद होऊ शकेल. पण अनुमानाची रीत शुद्ध आहे. टीकाकाराचा उल्लेख, त्या उल्लेखाशी जुळणारे चिनी वाक्य, व त्या वाक्याशी विरोध करणारे पाली वाक्य, असे तीन पुरावे एके ठिकाणी आणल्याविना त्यांनी निकाल दिला नाही. शिवाय ते तेथेच थांबले नाहीत. सत्तावीस वर्षांनी, १९६४ साली, ह्याच ग्रंथाच्या धुतगुणांवरील तिसऱ्या प्रकरणाचे तिबेटी भाषांतर संपादून त्यांनी चौथा साक्षीदार उभा केला. स्वतःच्या जुन्या कामाची उलटतपासणी करण्याचा असा उद्योग विरळाच.

मात्र ह्याच ग्रंथावर आमचा पहिला आक्षेप आहे. तुलनेची मोजपट्टी पाली ग्रंथ हीच आहे. पालीशी जुळले तर समाधान, न जुळले तर भाषांतरकाराला मूळ कळले नसावे ही शंका, असा कल ह्या पद्धतीत स्वभावतःच येतो. शिवाय संक्षेप देण्याने वाचकाच्या हाती चिनी ग्रंथ येत नाही. संपादकास महत्त्वाचा वाटला तेवढाच भाग येतो. संपूर्ण इंग्रजी भाषांतर एहारा, सोमथेर व खेमिंदथेर ह्यांनी कोलंबो येथून १९६१ साली प्रसिद्ध केले, तोवर चोवीस वर्षे विद्वानांस बापटांच्या निवडीवर अवलंबून राहावे लागले. निवड चांगली होती हे खरे. परंतु कोणीही केलेली निवड म्हणजे सबंध पोथी नव्हे.

३

ह्याच आक्षेपाचे उत्तर बापटांच्या दुसऱ्या एका ग्रंथात मिळते, व म्हणून आम्ही त्यास अधिक मान देतो. ‘सुत्तनिपाता’ची देवनागरी आवृत्ती त्यांनी पुण्याहून १९२४ सालीच काढली होती. तीतील ‘अट्ठकवग्ग’ हा सोळा सुत्तांचा अतिप्राचीन भाग. त्याच्याशी जुळणाऱ्या चिनी सूत्राचे संपूर्ण भाषांतर त्यांनी केले, व ते विश्वभारतीने १९५१ साली ‘अर्थपदसूत्र’ ह्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. चिनी अनुवादक उपासक च्ये-चिएन हा इ. स. च्या तिसऱ्या शतकात, वू राजवटीत होऊन गेला. म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचे राज्य नुकतेच मोडले होते तो हा काळ.

येथे नावाचाच विचार पाहण्याजोगा आहे. पालीत ‘अट्ठक’ म्हणजे आठांचा समूह. ह्या वर्गातील दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या सुत्तांत आठ आठ गाथा आहेतही. परंतु चिनी नावातील पहिले अक्षर ‘अर्थ’ ह्या अर्थाचे आहे, ‘आठ’ ह्या अर्थाचे नाही. संस्कृत परंपरेतही हा वर्ग ‘अर्थवर्गीय’ म्हणून उल्लेखिलेला आहे. एका जोडाक्षराचा भेद : ‘ट्ठ’ की ‘त्थ’? मोडी वाचताना एका फाट्यावरून गावाचे नाव बदललेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ह्याचे महत्त्व सांगावयास नको.

दुसरे अक्षर याहून बोलके आहे. ते ‘पाय’ किंवा ‘पाऊल’ ह्या अर्थाचे. संस्कृत ‘पद’ शब्दाचे शब्द, स्थान, चरण असे अनेक अर्थ होतात. अनुवादकाने त्यांतील सर्वांत स्थूल अर्थ घेतला. भाषांतर म्हणून हे कदाचित् सदोष ठरेल. परंतु साक्ष म्हणून त्याचे मोल मोठे आहे, कारण तेथे ‘पाय’ आहे म्हणूनच मूळात ‘पद’ होते हे आपणांस निःशंकपणे म्हणता येते. त्याने सुबोध व सुंदर प्रतिशब्द योजला असता, तर हा पुरावा नाहीसा झाला असता. न समजलेले अक्षर जसेच्या तसे उतरविणारा अडाणी लेखक हा पोथी सुधारणाऱ्या पंडित लेखकापेक्षा संशोधकाच्या अधिक उपयोगी पडतो, ह्या आपल्या अनुभवाशी हे किती जुळते! त्याचप्रमाणे पाली मूळात केवळ गाथा असून त्यांच्या उत्पत्तिकथा अट्ठकथेत आहेत. चिनी सूत्रात त्या सूत्राच्या अंगातच आल्या आहेत. गाथा व कथा ह्यांची जोड तिसऱ्या शतकापूर्वीच कोणत्या तरी परंपरेत झालेली होती, हे त्यावरून ठरते.

४

तिसरा ग्रंथ ‘शान-चिएन-पि-पो-श’. १८९६ साली जपानी पंडित ताकाकुसु यांनी हा अठरा भागांचा चिनी ग्रंथ म्हणजे ‘समन्तपासादिका’ ह्या विनय-अट्ठकथेचे रूपांतर असल्याचे दाखवून दिले होते. बापट व तोक्यो येथील प्रो. हिराकावा यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, व ते भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९७० साली प्रसिद्ध केले. पुण्यातील चिनी अध्ययनाचे हे सर्वांत भरीव फळ होय असे आमचे मत आहे.

संघभद्राने कँटन येथे इ. स. ४८८-८९ मध्ये हे भाषांतर केले. पाली मूळ त्याच शतकातले. म्हणजे ग्रंथ रचला जाऊन शंभर वर्षेही झाली नव्हती, तोच तो समुद्रमार्गे चीनला पोचला. उपलब्ध पाली हस्तलिखिते ह्यानंतर अनेक शतकांची आहेत. तेव्हा ‘समन्तपासादिके’ची इतकी जुनी व निश्चित मितीची साक्ष दुसरी नाही. ह्याच संघभद्राच्या नावाशी ‘बिंदुगणने’ची प्रसिद्ध हकीकत निगडित आहे. विनयाच्या पोथीवर दरवर्षी वर्षावासाच्या अखेरीस एक बिंदू द्यावयाचा, असा उपालीपासून गुरुशिष्यपरंपरेने चालत आलेला प्रघात होता, व इ. स. ४८९ मध्ये असे ९७५ बिंदू भरले, असे फेइ चांग-फांग हा चिनी ग्रंथकार सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहितो. ९७५ मधून ४८९ वजा जाता ४८६ उरतात. त्यावरून बुद्धनिर्वाणाचे वर्ष इ. स. पूर्व ४८६ येते. ह्या गणनेवर कितपत विसंबावे हा स्वतंत्र वाद आहे. परंतु पोथीवरील एका खुणेवरून कालगणना ठरविण्याचा हा प्रयत्न, पोथ्यांच्या समाप्तिलेखांवर आयुष्य वेचणाऱ्या आपल्या वर्गास मनापासून आवडावा असा आहे.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट ग्रंथाच्या अंतरंगात आहे. धर्मगुप्तक पंथाच्या विनयाची छाया ह्या रूपांतरावर पडलेली आहे. बुद्धाच्या स्तूपात मुक्काम करू नये व तेथे वस्तू ठेवू नयेत, असे नियम पालीत नाहीत. चिनीत त्यांचा विषय निघतो. परंतु तेथेच असा खुलासाही केलेला आहे की, हे नियम भारतीय मूळ प्रतीत नाहीत, कारण बुद्ध हयात असता स्तूप नव्हते. हा खुलासा करणाऱ्याची प्रामाणिकता आम्हांस आदरणीय वाटते. आपल्या प्रांतातील आचाराला अनुसरून त्याने भर घातली, पण भर घातली हे लपविले नाही. आमच्याकडील कित्येक बखरकारांनी व पोथ्यांच्या ‘शुद्ध’ प्रती करणाऱ्यांनी एवढी एक ओळ समासात लिहिली असती, तर संशोधकांचे निम्मे श्रम वाचले असते.

५

आता गोखल्यांकडे वळू. आर्यदेवाच्या ‘अक्षरशतक’ ह्या छोट्या माध्यमिक ग्रंथाचे चिनी व तिबेटी साधनांवरून केलेले त्यांचे भाषांतर १९३० साली हायडेलबर्ग येथून निघाले. संस्कृत मूळ उपलब्ध नाही. चिनी परंपरा ग्रंथकर्ता आर्यदेव म्हणते, तिबेटी नागार्जुन म्हणते. पुढे राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटातील मठांतून पोथ्यांची छायाचित्रे आणली, त्यांवरून गोखल्यांनी वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या कारिका १९४६ साली, व असंगाच्या ‘अभिधर्मसमुच्चया’चे उपलब्ध भाग १९४७ साली, मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले.

हे दोन्ही प्रकार लक्षपूर्वक पाहावे. कोशाच्या कारिका ह्यापूर्वी व्हाले-पूसँ यांच्या १९२३-३१ च्या फ्रेंच भाषांतराच्या आधारे अंशतः पुन्हा जुळविल्या गेल्या होत्या, व त्यांवरून राहुलजींनी काशीस १९३१ साली एक संस्कृत आवृत्तीही काढली होती. यशोमित्राच्या टीकेत प्रतीके आली होती तेथे ही जुळणी पक्की होती. अन्यत्र चिनीवरून अर्थ कळला, तरी छंदात बसणारा नेमका शब्द कोणता हे कोण सांगणार? खरी पोथी मिळाल्यावरच ह्या प्रश्नाचा निकाल लागला.

‘समुच्चया’चा प्रकार याहून बोधप्रद आहे. पोथी त्रुटित होती. गोखल्यांनी जेवढी पाने मिळाली तेवढी छापली व जे गळाले ते गळालेले ठेवले. शांतिनिकेतनाहून प्रल्हाद प्रधान यांनी १९५० साली काढलेल्या आवृत्तीत गळालेला मोठा भाग तिबेटी व चिनी भाषांतरांवरून पुन्हा संस्कृतात रचून घातलेला आहे. प्रधानांच्या व्यासंगाविषयी आम्हांस आदरच आहे, व विद्यार्थ्यास सलग ग्रंथ वाचावयास मिळतो हा त्या रीतीचा लाभही उघड आहे. तथापि विसाव्या शतकातील संस्कृत व चौथ्या शतकातील संस्कृत एका पानावर शेजारी आली म्हणजे, कितीही काळजी घेतली तरी, पुढचा उतारा घेणारा ती एकच समजून उद्धृत करणार, हा धोका राहतोच.

हा धोका किती दूरवर जातो ह्याचे उदाहरण बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत आहे. हरिवर्म्याच्या ज्या शास्त्राचे कुमारजीवकृत चिनी भाषांतर तेवढे उरले, त्याचे अय्यास्वामी शास्त्री यांनी संस्कृतात पुनर्लेखन करून ते १९७५ साली ‘सत्यसिद्धिशास्त्र’ म्हणून प्रसिद्ध केले. पण मूळ नाव ‘सत्यसिद्धि’ होते की ‘तत्त्वसिद्धि’, ह्याविषयीच विद्वानांत मतभेद आहे. ज्या ग्रंथाचे नाव निश्चितपणे परत मिळविता येत नाही, त्याची वाक्ये परत मिळविली असे कोणी म्हणावे काय? ह्या बाबतीत पुण्याची रीत आम्हांस अधिक पसंत आहे. ती केवळ गोखल्यांची नव्हे. भांडारकर मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना डॉ. सुकथनकरांनी जावा व तेलुगू भाषांतील रूपांतरे साहाय्यक साक्षी म्हणून तपासली, पण त्यांवरून श्लोक रचले नाहीत. संशयित पाठाखाली नागमोडी रेघ मारून तो संशयित म्हणूनच छापला. चिनी ग्रंथांस गोखले व बापट ह्यांनी हीच शिस्त लावली.

६

इतकी प्रशंसा केल्यावर मुख्य आक्षेप मांडणे प्राप्त आहे. पुण्याच्या चिनी अध्ययनाने चिनी पुस्तकात भारत शोधला. चीन शोधला नाही. संघपाल, च्ये-चिएन, संघभद्र ह्यांच्याकडे मूळ ग्रंथाकडे नेणारी खिडकी म्हणून पाहिले गेले. ते स्वतः कोण, कोणासाठी लिहीत, त्यांचे साहाय्यक कोण, तत्कालीन चिनी वाचकाला हे शब्द कसे लागत, हे प्रश्न दुय्यम राहिले. वर दिलेली तिन्ही उदाहरणे पाहता, अनुवादकाची स्वतःची प्रकृती जेथे दिसते तेथेच साक्ष सर्वांत बळकट झाली आहे. मग त्या प्रकृतीचा अभ्यास गौण कसा मानावा?

ह्याचा परिणाम विद्येच्या आयुष्यावरही झाला. १९३७ सालीच शांतिनिकेतनात चीन भवनाचे उद्घाटन झाले. तेथे चिनी विद्येस स्वतःचे घर मिळाले. पुण्यात ती पाली व संस्कृतच्या अध्यापकांच्या आश्रयास राहिली. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. पण बापट व गोखले हे दोघेही पुढे दिल्ली विद्यापीठाच्या बौद्धविद्या विभागाकडे गेले. जे शास्त्र हरवलेल्या संस्कृताचे साधन म्हणूनच शिकले जाते, ते संस्कृत पोथी सापडताच निरुपयोगी वाटू लागते, व अध्यापक गेला की त्याच्याबरोबर जाते. बोलत्या चिनीची वाट तर सर्वस्वी निराळीच ठरली. १९४७ साली पेकिंगला शिकावयास गेलेले वसंत वासुदेव परांजपे १९५४ साली नेहरू-माओ भेटीत दुभाषाचे काम करीत होते. एकाच काळी मराठी माणसांत प्राचीन चिनी वाचणारे व अर्वाचीन चिनी बोलणारे असे दोघेही होते; पण ह्या दोन विद्यांचा एक संप्रदाय झाला नाही. हा दोष व्यक्तींचा नव्हे, विषयाकडे पाहण्याच्या दृष्टीचा होय.

७

आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना चिनी ग्रंथांशी कधी प्रसंग पडेल. परंतु फारसी तवारिखांची मराठी रूपांतरे, संस्कृत माहात्म्यांच्या ओवीबद्ध टीका, मोडी कागदांच्या बाळबोध नकला, हे सर्व आपल्या दप्तरांत आहेच, व त्यांतील पुष्कळांचे मूळ नष्ट झालेले आहे. त्यांच्या बाबतीत ह्या परीक्षणातून निघणारे नियम आम्ही थोडक्यात नमूद करितो. रूपांतराला त्याची स्वतःची मिती, स्थळ व कर्ता असतो. तो प्रथम ठरवावा, मग मूळाविषयी बोलावे. रूपांतरातील ओबडधोबड शब्द सुधारू नये. मूळाचा पत्ता बहुधा तेथेच लागतो. आणि गळालेली जागा गळालेली दाखवावी. तेथे काय असावे ह्याविषयी आपला तर्क खाली टीपेत खुशाल लिहावा, पण तो मूळ म्हणून ओळीत बसवू नये.

चिनी विद्येपुरते बोलावयाचे तर, बापटांची तुलना व कोलंबोचे संपूर्ण भाषांतर आता समोरासमोर ठेवता येते. ‘विमुत्तिमग्गा’च्या बारा प्रकरणांची देवनागरीत विषयसूची करून तीत चिनी, पाली व तिबेटी स्थळे ओळीने मांडण्याचे काम पुण्यात होण्याजोगे आहे, व चिनी लिपी शिकण्यास सिद्ध असलेला एखादा संस्कृतज्ञ तरुण ते चार-पाच वर्षांत करू शकेल. तसे करताना त्याने संघपालास केवळ हमाल समजू नये, एवढीच आमची सूचना आहे. पोथी आपल्यापर्यंत ज्याने आणली तो काय बोलतो हे आधी ऐकून घ्यावे; मग गाठोडे सोडावे.

शनिवार पेठ, पुणे.